टी-टू-स्टार: हृदयातल्या लोहाचं माप

थॅलॅसेमिया मेजरच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साठतं, ग्रंथींत साठतं, हृदयाच्या स्नायूत शिरतं. रक्तावर जगवलेली ही मुलं ऐन विशीत हृदय निकामी होऊन जात.

डॉक्टर बेसावध नव्हते. लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं फेरिटिन हे प्रथिन तपासत, यकृतात सुई घालून तुकडा काढत. यकृतात लोह कमी तर हृदयातही कमीच, असा हिशेब धरलेला. इकोवर हृदयाची ताकद घटलेली दिसेपर्यंत मात्र उशीर झालेला असे.

एमआरआयमध्ये लोह ही मुळात कटकट. त्याच्याभोवती चुंबकक्षेत्र वेडंवाकडं होतं, हायड्रोजनच्या केंद्रकांचा ताल बिघडतो, संदेश झटकन विझतो नि चित्र काळं पडतं. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात लिसा अँडरसन, डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी ही कटकटच मोजायला घेतली. एकाच छेदाची चित्रं काही मिलिसेकंदांच्या अंतराने घ्यायची आणि काळोखी किती वेगाने चढते ते पाहायचं. त्या विझण्याच्या काळाचं माप म्हणजे टी-टू-स्टार. जागा निवडली हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याची. इतरत्र शेजारच्या फुप्फुसातली हवाही चित्र बिघडवते आणि तिचा गुन्हा लोहाच्या नावावर चढतो.

२००१मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या हृदयाचं आकुंचन मंदावलं होतं, त्या सगळ्यांचा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली होता. पण खरा धक्का दुसराच: हृदयातल्या लोहाचा यकृताशी किंवा फेरिटिनशी मेळच बसेना. यकृत बरं आणि हृदय भरलेलं, असंही असू शकत होतं. मला या कथेत यंत्रापेक्षा हा मोडलेला हिशेब मोठा वाटतो.

आकडा उतरलेला दिसताच, लक्षणांची वाट न पाहता, लोह उपसणारी औषधं वाढवता येऊ लागली. ब्रिटनमधले थॅलॅसेमियाचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत झपाट्याने घटले. त्यात नव्या औषधांचाही वाटा होताच.

आपल्याकडे सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत हा आजार अधिक आढळतो. तपासणीला इंजेक्शनही लागत नाही. रिपोर्ट हाती आला की यंत्राचं चुंबक किती ताकदीचं, म्हणजे किती टेस्लाचं होतं, तेवढं मात्र विचारावं. २०ची रेघ १.५ टेस्लाच्या यंत्रावर आखलेली आहे. ३ टेस्लावर निरोगी हृदयाचाही आकडा खाली येतो.