उन्हाची चूल

आपल्यापैकी काहीजणींच्या माळ्यावर एक पेटी पडून असेल. आत काळे डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. बरोबर, सूर्यचूल! कौतुकानं घरात आलेली ही चूल माळ्यावर कशी गेली, ते आज पाहू.

उन्हावर शिजवायची कल्पना जुनी आहे, आणि आपल्या मुंबईतही ती करून पाहिली गेली. १८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं आरसे लावलेली अष्टकोनी चूल बनवली. सात शिपायांचं जेवण तिच्यावर दोन तासांत शिजलं. १८७८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही काढलं.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं मोठ्या वाटोळ्या आरशाची सूर्यचूल तयार केली. सूर्य सरकेल तसा आरसा फिरवायचा, म्हणजे बाईनं भर उन्हात चुलीपाशी थांबायचं. ती चूल काही घरोघरी पोचली नाही.

१९८० च्या दशकात सरकारनं अनुदान देऊन पेटीची सूर्यचूल आणली. धूर नाही, जळण नाही, करपायची भीती नाही. बायकांनी तिची सवयही करून घेतली. डाळ आधी भिजवायची, दहाच्या सुमाराला डबे लावायचे, मध्ये झाकण उघडायचं नाही, सावली आली की पेटी सरकवायची. दोन-तीन तासांत वरण-भात तयार. शेंगदाणेही छान भाजून निघायचे.

पण भाकरी होत नव्हती. फोडणीला चूल पेटवावीच लागे. रानात जाणाऱ्या बाईला भाकरी-कालवण सकाळीच हवं, आणि रात्रीच्या जेवणाला ऊन कुठलं? पावसाळ्यात तर विचारूच नका. दुपारी ढग आले की डाळ निम्मी कच्ची. घरची माणसं ताटावर बसलेली, आणि बाई घाईघाईनं काटक्या गोळा करतेय. मग दोष कुणाला? "हिला ती चूल वापरताच येत नाही!"

आता दुसरं स्वयंपाकघर बघा. २००९ मध्ये शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवल्या. उन्हानं पाण्याची वाफ होते, वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक शिजतो. ऊन तेच, ढगही तेच. पण तिथं जोडीला बॉयलर आहे. ऊन कमी पडलं की तो चालतो, पंगत थांबत नाही.

घरात मात्र त्या बॉयलरचं काम बाईनं केलं. यंत्र थांबलं की तिचे हात, तिचं सरपण, तिचा वेळ. हा खर्च कुणी हिशेबात धरलाच नाही.

म्हणून सूर्यचूल वाईट असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात माळ्यावरून जरूर काढा, जळण वाचेल. पण उद्या बचत गटात कुणी नवं यंत्र घेऊन आलं, तर किंमत आणि अनुदान विचारून थांबू नका. आणखी तीन प्रश्न विचारा: हे माझ्या वेळेला चालेल का? बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि तोवर घरचा स्वयंपाक कशावर होणार?

उत्तर मिळाल्यावरच सही करा.