लिंकनचे पाणी
इंग्लंडमधील लिंकन या छोट्या शहरात १९०४-०५च्या हिवाळ्यात विषमज्वराची साथ उसळली. जेमतेम ५०,००० वस्तीत सुमारे १,००० लोक अंथरुणाला खिळले, १००हून अधिक दगावले. नळाला येणारे नदीचे पाणी वाळूच्या थरांतून गाळलेले, दिसायला नितळ. त्या नितळपणावरच शहर विसंबून राहिले होते. फेब्रुवारी १९०५मध्ये डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी त्यात सोडियम हायपोक्लोराइट मिसळण्यास प्रारंभ केला. ब्रिटनमध्ये नळाच्या पाण्याचे असे अखंड निर्जंतुकीकरण हे पहिलेच. तक्रारी झाल्या त्या मात्र औषधाच्या: म्हणे मासे मरतात, रोपे सुकतात! (जंतूंना वास नसतो, क्लोरीनला असतो.) नदीवरचा उडालेला विश्वास काही परतला नाही. १९११मध्ये सुमारे ३५ किलोमीटरांवरील एल्क्स्लीहून भूजल आले, तेव्हा कुठे शहराने नळाला पुन्हा तोंड लावले.