गुप्त पाकीट आणि न्याय

राज्यकारभारांत कांहीं गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या कागदावरून एखाद्यास शिक्षा होते, तो त्यालाच दाखवावयाचा नाहीं, हें कोणत्या न्यायांत बसतें? १८९४ सालीं फ्रान्सच्या लष्करी न्यायालयानें कॅप्टन ड्रायफस यांस देशद्रोहाबद्दल जन्मठेप दिली. त्या वेळीं युद्धखात्यानें न्यायाधीशांकडे एक गुप्त पाकीट धाडलें होतें. आरोपीस वा त्याच्या वकिलास त्याची वार्ताहि नव्हती. १८९६ सालीं एका वृत्तपत्रानें हें बिंग फोडलें, तेव्हां ड्रायफस यांच्या पत्नीनें कायदेमंडळाकडे दाद मागितली. पुढें दप्तरांत घातलेला एक कागद आपणच बनविल्याचें कर्नल आंरी यांनीं १८९८ त कबूल केलें. १८९९ त अपिलाच्या चौकशींतील गुप्त जबान्या ‘फिगारो’ पत्रानें छापल्या. त्याच वर्षीं ३ जून रोजीं वरिष्ठ न्यायालयानें पहिला निकाल रद्द केला. तरीहि संपूर्ण निर्दोषत्व पदरीं पडावयास १९०६ साल उजाडलें. एवढ्या गुप्ततेनें राष्ट्राचें काय रक्षण झालें? खरा अपराधी एस्टरहाझी १८९८ त निर्दोष सुटून देशाबाहेर निघून गेला! अपिलाचे कागद लोकांपुढें यावे, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.