एक इंचाचा ठोसा: ताकद मुठीत नसते, मग कुठे असते?

ब्रूस लीचा 'एक इंचाचा ठोसा' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९६४ साली अमेरिकेतील लाँग बीच येथे कराटे स्पर्धेच्या वेळी त्याने तो करून दाखवला. मूठ समोरच्याच्या छातीपासून जेमतेम इंचभर दूर, हात मागे न नेता ठोसा, आणि समोरचा माणूस मागे फेकला जातो! हे पाहून काही मुले भिंतीवर मुठी आपटायला लागतात. त्यांच्यासाठी हा थोडा इतिहास.

मिंग राजवटीतला चिनी सेनापती ची जीग्वांग (१५२८-१५८८) किनारपट्टीवरच्या चाच्यांशी लढला. १५६० च्या सुमारास त्याने सैनिकी प्रशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात निःशस्त्र लढण्याच्या ३२ पवित्र्यांचे एक प्रकरण आहे. गंमत म्हणजे, मोठ्या लढाईत याचा फारसा उपयोग नाही, हे तो स्वतःच सांगतो. मग शिकवायचे कशासाठी? हातपाय चपळ व्हावेत, शरीराला वळण लागावे म्हणून.

पुढे ताई-चीसारख्या परंपरांनी हाच विचार खोलवर नेला. जोर पायातून निघतो, कमरेतून वळतो आणि हातातून बाहेर पडतो, अशी त्यांची शिकवण. साठवलेला जोर एकदम सोडण्याला ते 'फा जिन' म्हणतात. जुने गुरू याचे स्पष्टीकरण 'ची' म्हणजे प्राणशक्तीने देत. आज आपण ते शरीरशास्त्राने देऊ शकतो.

पाय जमिनीला रेटतो तेव्हा जमीनही तेवढ्याच जोराने उलट रेटते. तो जोर मांडी, कंबर, खांदा असा चढत जातो. त्यात मोठे स्नायू काम करतात, हात फक्त शेवटचा दुवा असतो.

दुसरी गोष्ट सैलपणाची. कोपर सरळ करतो दंडाच्या मागचा स्नायू. त्याच वेळी पुढचा स्नायू ताठ असेल, तर ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखे होते. म्हणूनच गुरू आधी सैल व्हायला शिकवतात.

तिसरी गोष्ट वेग. वजन दुप्पट झाले तर गतिज ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर चौपट.

मग 'लोखंडी पंजा'चे काय? धान्य, वाळू, लोखंडी छर्रे भरलेल्या पिशव्यांवर हात आपटून तो कणखर करण्याची जुनी पद्धत आहे. भार पडला की हाड स्वतःला बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. पण हा बदल फार सावकाश होतो, आणि सांध्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठाच नसल्याने ती एकदा झिजली की नीट भरून येत नाही. भिंतीवर ठोसा मारणाऱ्यांचे करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडते, त्याला वैद्यकात 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' असे नावच आहे. वाढत्या वयातल्या मुलांनी तर हा प्रयोग मुळीच करू नये. त्यांच्या हाडांची वाढ अजून चालू असते.

वेग हवा असेल तर पायांचा व्यायाम करा, हालचाल आधी हळू आणि अचूक शिका, पुरेसा वॉर्म-अप करा. खुद्द ब्रूस लीला १९७० मध्ये वजन घेऊन व्यायाम करताना कमरेला गंभीर दुखापत झाली आणि कित्येक महिने विश्रांती घ्यावी लागली.

ठोसा मारल्यावर हात सुजला, मूठ वळताना बोट वाकडे दिसले किंवा बोटे बधिर झाली, तर चोळत बसू नका. एक्स-रे काढून घ्या.