आंत्रविषाणू संसर्ग

पिकॉर्नाव्हिरिडी कुलातील एंटेरोव्हायरस प्रजातीच्या विषाणूंमुळे होणारे रोग. हे आरएनए विषाणू सु. ३० नॅनोमीटर व्यासाचे असतात. पोलिओ, कॉक्सॅकी, एको, एंटेरोव्हायरस ७१ इ. या गटात येतात. पोलिओचा कारक विषाणू असल्याचे कार्ल लँडस्टाइनर व एर्विन पॉपर यांनी १९०८ मध्ये दाखविले. कॉक्सॅकी हे नाव न्यूयॉर्क राज्यातील एका गावावरून पडले.

विषाणूभोवती मेदावरण नसल्याने तो जठराम्लात टिकतो आणि आतड्यात वाढतो. रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे तो विष्ठेतून बाहेर पडतो. दूषित हात, पाणी, अन्न व वस्तू आणि काही प्रकारांत श्वसनस्राव यांतून तो पसरतो.

लक्षणे : बहुतेकांना लक्षणे दिसत नाहीत किंवा किरकोळ ताप येतो. लहान मुलांत हात-पाय-तोंड रोग आढळतो. तोंडात व्रण आणि तळहात-तळपायांवर पुरळ व फोड येतात. क्वचित मस्तिष्कावरणशोथ, हृद्‌स्नायुशोथ किंवा पक्षाघात होतो. बाळ पाणी पीत नसेल, फार सुस्त असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

उपचार व प्रतिबंध : खास औषध नाही, विश्रांती, भरपूर द्रव आणि तापशामके देतात. प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. शौचानंतर, लंगोट बदलल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. हात स्वच्छ करण्याचा अल्कोहोलयुक्त द्रव तितका प्रभावी नसतो. खेळणी क्लोरीनच्या द्रावणाने पुसावीत. पोलिओवर लस आहे. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. एंटेरोव्हायरस ७१ वरील लस चीनमध्ये वापरात आहे.