लांडग्याचे रक्त आणि घराचा उंबरठा

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, दाट अरण्यात उळवी हे क्षेत्र वसले आहे. बाराव्या शतकात कल्याणहून शरणांसह निघालेले चन्नबसवेश्वर येथे समाधिस्थ झाले, अशी श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेच्या यात्रेस येथे अजूनही बैलगाड्या येतात. या रानात कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत. त्या पाहून मुले विचारतात, “गुरुजी, याचे पिल्लू घरी आणून वाढवले, तर ते कुत्र्यासारखे राहील का?”

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले आहे. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. त्याला माणसाच्या दाराशी येऊन हजारो वर्षे लोटली. पिढ्यानुपिढ्या जी पिल्ले माणसाशी जुळवून घेत, त्यांचाच वंश वाढला. कोळसुंदा मात्र निराळ्या प्रजातीचा. त्याच्या खालच्या जबड्यात दाढाही कुत्र्याहून कमी. त्याच्या वंशावर असा संस्कार कधी झालाच नाही.

लांडगा तर कुत्र्याचा सख्खा आप्त; त्यांची संतती पुढे वंशही वाढवू शकते. मग लांडग्याचे रक्त मिसळून अधिक बलवान कुत्रा का घडवू नये? हॉलंडमध्ये लेंडर्ट सार्लोस यांनी १९३० नंतरच्या दशकात जर्मन शेफर्ड कुत्रा व लांडगी यांचा संकर करून पाहिला. हाती आला तो बुजरा, परक्या माणसापासून दूर सरणारा प्राणी. चेकोस्लोव्हाकियात सीमारक्षकांसाठी असाच प्रयोग १९५५ साली सुरू झाला; तेथेही उपयोगी जात सिद्ध होण्यास अनेक पिढ्या खर्ची पडल्या.

असे पिल्लू आरंभी लाघवी असते. वयात आले की ते कुंपण ओलांडते, अंगण उकरते, कोंडून ठेवल्यास घराची नासधूस करते. मालक त्याला खोडकर म्हणतो; वस्तुतः ते आपल्या स्वभावाशीच इमान राखीत असते. त्याला शिक्षा करणे हा अन्याय होय.

आपल्याकडे हे संकट उलट दिशेने आले आहे. पुणे परिसरातील माळरानावर गावकुत्री व लांडगे यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. हा संकर वाढत गेला, तर शुद्ध लांडगाच नाहीसा होण्याची भीती आहे.

उळवीच्या रानाला हे भय नाही. पण गावकुत्र्यांचे डिस्टेंपर व पिसाळरोग कोळसुंद्यांना होऊ शकतात. ज्या कोळसुंद्याला मारल्याबद्दल ब्रिटिश अमदानीत बक्षीस मिळे, त्याला १९७२ च्या कायद्याने संरक्षण दिले. त्याचे वा लांडग्याचे पिल्लू घरी पाळणे हा आज गुन्हा आहे.

संत फ्रान्सिस यांनी गुब्बिओ गावच्या लांडग्याला साखळी घातली नाही. त्याचा व गावकऱ्यांचा समेट घडवला, अशी कथा आहे. आपला समेटही साधाच आहे. आपल्या कुत्र्याला लस टोचावी, रात्री त्याला दारात बांधावे. आणि कोळसुंद्याचे पिल्लू त्याच्या आईपाशी राहू द्यावे.