निघण्याआधीचे दोन महिने

इतिहासात ‘बीगल’ची सफर २७ डिसेंबर १८३१ रोजी सुरू होते. चार्ल्स डार्विन मात्र ऑक्टोबरपासूनच प्लिमथ बंदरात ताटकळत होता. १० आणि २१ डिसेंबरला जहाज निघाले. दोन्ही वेळा नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ते परतवले. नाताळात खलाशी इतके प्याले, की २६ तारखेची अनुकूल हवा वाया गेली. अरुंद केबिनमध्ये झोळी टांगल्यावर पाय मावावेत म्हणून कपाटाचा खण काढावा लागे. छातीत धडधड होई. पण वैद्याने प्रवासास अपात्र ठरवले तर, या भीतीने त्याने ती लपवली. आत्मचरित्रात त्याने हे दोन महिने आयुष्यातले सर्वाधिक दुःखाचे म्हटले आहेत. उत्क्रांतीची कथा आपण गालापागोसपासून सांगतो. ती प्लिमथलाच संपू शकली असती, हे विसरतो.